निळं, पिवळं आणि आमचे दाजी

आमच्या दाजींना बरोबर घेऊन कुणी काही विकत घ्यायला जाऊ नये. साधी टॉर्च घ्यायची असली तरी ते दुकानदाराला दुकानातले दिवे मालवायला लावतात, भिंतीवर उजेड पाडून बघतात, हातमोजा घालून बटण दाबलं जातं का ते तपासतात आणि शेवटी "विचार करून येतो" म्हणून बाहेर पडतात. बाजारातले दुकानदार त्यांना लांबूनच ओळखतात आणि जेवायची सुट्टी झाल्याचं सांगतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. ताईच्या पाठीवर दादा आणि शेंडेफळ मी. दादाची मोजणीची फर्म आहे. इमारतीचा खांब नेमका कुठे यायचा, रस्ता कुठे वळायचा, जमिनीला उतार किती, हे यंत्रानं मोजून जागेवर खुणा करून द्यायच्या, हा आमचा धंदा. दाजी जागेवर जाऊन मोजायचे, मी ऑफिसात बसून त्यांच्या मोजमापांचे नकाशे काढते आणि दादा मालक असल्यामुळे बाकीचं सगळं करतो. दादा त्यांना दाजी म्हणतो म्हणून फर्ममधला प्रत्येक जण दाजी म्हणायला लागला. मग ठेकेदार, वॉचमन, सिमेंटच्या गाड्या चालवणारेही म्हणायला लागले. एवढ्या मोठ्या सासरवाडीचा जावई मी दुसरा पाहिला नाही.

माणूस तसा शांत. फक्त कामात एक खोड होती. मोजणी करताना एका खुणेवरून निघायचं, जागेला वळसा घालायचा आणि फिरून पहिल्याच खुणेवर यायचं, ही सगळ्यांचीच रीत. परत आल्यावर यंत्रानं तीच जागा दाखवायला हवी, पण ती तशीच्या तशी कधीच दाखवत नाही. ऊन, वारा, तिपाईचा खचलेला पाय, कशानं ना कशानं थोडा फरक पडतोच. बाकीचे तो फरक मुकाट्यानं सगळ्या खुणांत वाटून टाकतात आणि घरी जातात. दाजी आधी तो मोठ्यानं सांगायचे. यंत्रापाशी उभा असलेला, काठी धरलेला, पाणी प्यायला गेलेला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आपण किती चुकलो ते आपल्यातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे," म्हणायचे. टोळीतली माणसं हसायची, पण दुसऱ्या कुणाच्या हाताखाली गेली की तिथेही मोठ्यानं सांगायची.

तर गोष्ट अशी झाली की मोजणीच्या यंत्रांबरोबर हातात धरायचं जे छोटं उपकरण असतं, त्यातलं आमचं सॉफ्टवेअर म्हातारं झालं. ते बनवणाऱ्यांनी कळवलं की आता आम्ही याच्याकडे बघणार नाही, नवीन काय ते घ्या. बाजारात दोन होती. एकाचा पडदा निळा, दुसऱ्याचा पिवळा, म्हणून आमच्याकडे त्यांची नावंच निळं आणि पिवळं पडली. निळं मोठ्या कंपनीचं, देखणं, सगळीकडे जाहिराती. पिवळं एका लहानशा कंपनीचं, दिसायला अगदीच गबाळं.

दादानं हा विषय ताईच्या घरी, जेवताना काढला. मी समोरच होते.

"दाजी, हे तुम्हीच निवडायचं," तो म्हणाला. "हातात धरून उन्हात उभं राहायचं तुम्हाला. मी केबिनमध्ये बसून काय निवडणार? दोन्ही नीट वापरून बघा, हवा तितका वेळ घ्या. तुम्ही बोट ठेवाल ते घेऊ."

"बघ हं," दाजी म्हणाले. "मी बोट ठेवलं की ठेवलं."

ताई भाजी वाढता वाढता हसली. "यांच्याइतकं पारखून कोण घेणार," म्हणाली.

दाजींचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. फर्ममध्ये उभी हयात गेली होती, गुडघे कामातून गेले होते, तिपाई उचलताना तोंडातून आवाज निघायचा. पण फर्मनं काय घ्यावं आणि काय नाही, हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

सगळा उन्हाळा ते दोन्ही उपकरणं गळ्यात अडकवून हिंडले. एकच जागा आधी निळ्यानं मोजायची, मग पिवळ्यानं. दुसऱ्या दिवशी उलट, म्हणजे कुणावर अन्याय नको. काठी धरणारा लंबू त्यांच्याबरोबर फार वर्षं होता, त्याची जीभ सैल. तो म्हणाला, "दाजी, दोन बायका, फजिती ऐका." दाजी म्हणाले, "लंबू, फजिती झाली तरी चालेल, पण दोघींचं ऐकून घेतलं पाहिजे."

त्यांनी ऐकलंही. निळ्यात चांगलं ते चांगलं म्हटलं. मोजलेलं सगळं आपोआप ऑफिसला पोचायचं, नकाशा जागेवरच डोळ्यांसमोर उभा राहायचा. पण तळघरात नेटवर्क गेलं की ते चाक फिरवत बसायचं आणि माणसंही बसायची. दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी तर ते बोलायचंच नाही, आणि आमच्याकडची यंत्रं म्हणजे बारा गावचा गोतावळा. दाजींना सगळ्यात खटकलं ते वेगळंच. पहिल्या खुणेवर परत आलं की निळं फक्त एक हिरवी खूण दाखवायचं. चालण्यासारखं आहे, पुढे व्हा. फरक किती, ते आत कुठेतरी खोल दडवलेलं. पिवळं उघड आकडा दाखवायचं, मोठ्या अक्षरात, न विचारता.

"मला हिरवी खूण नको," ते मला फोनवर सांगत होते. "मी लहान मूल आहे का, शाबासकी द्यायला?"

पिवळ्याच्या कंपनीतली एक बाई स्वतः साइटवर यायची. ते सॉफ्टवेअर तिनं आणि आणखी कुणी मिळून लिहिलेलं. विटांच्या ढिगावर बसून ती दाजींचं गाऱ्हाणं ऐकायची. हातमोजा घातल्यावर बटण दाबलं जात नाही म्हटल्यावर पुढच्या खेपेला बटण मोठं करून आणलं. झाड, खांब, गटाराचं झाकण यांच्यासाठी आमची माणसं जी नावं वापरतात, तीच तिनं आत घातली. उन्हात पडदा दिसत नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला, पण तेही काम तिनं हाती घेतलं. दाजी तिला शेवटी म्हणाले, "बाई, तुमचंच घेणार. माझा शब्द."

निळ्यावाल्यांकडून एक व्हिडिओवाला आला होता. दादानंच पाठवला. "तपासणी कशी चालते त्याचं जरा चित्रीकरण, आपल्याच माहितीसाठी," असं सांगून. त्यानं दाजींना विचारलं, निळ्यात तुम्हाला काय आवडलं? दाजी न्यायाचे. म्हणाले, "उन्हातसुद्धा अगदी स्पष्ट दिसतं. असं मी आजवर पाहिलं नाही. पण..." आणि त्या 'पण'नंतर ते इतकं बोलले की व्हिडिओवाल्याचा हात दुखला, असं लंबू सांगतो.

संध्याकाळी घरी गेले की चहा घेताना ते सगळं ताईला सांगायचे. ताईला मोजणीतलं काही कळत नाही, पण ती विचारायची, "मग आज कोण जिंकलं?" आणि दाजी कपाळावरचा घाम पुसत मॅच सांगावी तसे सांगत बसायचे.

उन्हाळा संपता संपता ते दादाच्या केबिनमध्ये गेले आणि पिवळ्यावर बोट ठेवलं. का, ते सगळं समजावून सांगितलं. दादानं शेवटपर्यंत ऐकलं, मधे एकदाही फोन घेतला नाही. "उत्तम," म्हणाला. "ठरलं मग. आपण छोटासा कार्यक्रम करून सगळ्यांना सांगू." दाजी केबिनमधून बाहेर आले ते सरळ टोळीकडे गेले आणि सांगून मोकळे झाले की आता तळघरात बसून राहावं लागणार नाही.

कार्यक्रम ऑफिसातल्या मोठ्या खोलीत होता. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडलेल्या. साइटवरची माणसं धुळीच्या बुटांनी आली आणि मागच्या रांगेत अंग चोरून बसली. इतर फर्मचे मोजणीवालेही आले होते. दादानं त्यांना का बोलावलं ते मला कळेना. ताई नवे कपडे घालून आली आणि दाजींच्या शेजारी बसली. मी त्यांच्या मागेच होते. दाजी तिच्याकडे वाकून म्हणाले, "बघ आता. ती बाई दिसत नाही अजून, पण येईल." ताईनं पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

दिवे मालवले. समोरच्या भिंतीवर निळा रंग पसरला.

मला वाटलं, आधी हरलेल्याचं दाखवतायत. मग भिंतीवर दाजी आले. एवढे मोठे दाजी मी कधी पाहिले नव्हते. टोपी मागे सरकवलेली, गळ्यात निळं उपकरण. दुसरं दिसत नव्हतं, ते कडेला कापलं होतं. आणि दाजी म्हणाले, "उन्हातसुद्धा अगदी स्पष्ट दिसतं. असं मी आजवर पाहिलं नाही." खाली अक्षरं उमटली: अनुभवी मोजणीतज्ज्ञांची निवड. टाळ्या पडल्या. दाजींच्या 'पण'ची वाट बघत मी बसले होते. तो आलाच नाही.

मग निळ्या कंपनीचा माणूस उठला. गोड बोलणारा, हसरा. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही, त्याला काय माहीत कुणाला काय सांगितलं नाही ते. तो म्हणाला, "या भागातल्या आमच्या नव्या विक्रेत्या आज इथे आहेत. गेल्या हिवाळ्यात आमचा करार झाला, तेव्हा आम्ही म्हटलं होतं, प्रत्यक्ष कामावर कसोशीनं तपासणारा माणूस हवा. बाईसाहेब लगेच म्हणाल्या, माझे यजमानच करतील, त्यांच्याइतकं खरं कुणी तपासणार नाही." आणि त्यानं ताईचं नाव घेतलं.

ताई उठली. दाजींनी तिला जायला वाट दिली. गुडघे बाजूला घेतले, बस एवढंच. ती पुढे जाऊन नुसती हात जोडून उभी राहिली आणि दादा टाळ्या वाजवत होता. गेल्या हिवाळ्यात. म्हणजे दादानं जेवताना विषय काढला, त्याच्या कितीतरी आधी सगळं ठरलेलं होतं. त्या दिवशी जेवायला बसलेल्या माणसांपैकी फक्त आम्हा दोघांना माहीत नव्हतं, दाजींना आणि मला.

लोक उठले तेव्हा लंबू दाजींपाशी आला. "छान आलाय फोटो," म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आधी सांगितलं असतंत तरी चाललं असतं, दाजी. आम्ही काय, ज्याचं खातो त्याचं वापरतो. उगाच उन्हाळाभर पिवळं, पिवळं कशाला केलंत?"

दाजींनी त्याला खुलासा केला नाही. कसा करणार? बायको समोर उभी होती.

मी मात्र गप्प बसणारी नाही. पाहुणे जाताच दादाच्या केबिनमध्ये शिरले आणि दार लावून घेतलं.

"केसानं गळा कापलास त्यांचा," मी म्हटलं.

"अगं, धंदा आहे हा," दादा म्हणाला. "विक्रेता मी झालो असतो तर बाकीचे मोजणीवाले माझ्याकडून कशाला घेतील? म्हणून ताईचं नाव. कुठली टोळी कुठे उभी आहे ते मला इथून खुर्चीवरून दिसणार आहे. सगळ्यांचाच फायदा."

"उंटावरून शेळ्या हाकायच्यात तुला. हाक की. मग त्यांना उन्हाळाभर कशाला नाचवलंस?"

"कंपनीला खरी तपासणी हवी होती. दोष कुठे आहेत ते त्यांना कळले, ते सुधारतील. दाजींचे कष्ट वाया नाही गेलेले." आणि वर म्हणतो, "सांगितलं असतं तर त्यांनी कॅमेऱ्यासमोर तोंड तरी उघडलं असतं का?"

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. मी अजून त्याच्याच फर्ममध्ये नकाशे काढते, हेही खरं.

तिथून मी ताईकडे गेले. दिवस मावळायचा होता. दाजी बूट न काढताच खुर्चीत बसले होते. आपल्याच घरात पाहुण्यासारखे, कडेला टेकून. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी. नवे कपडे तसेच.

"तुमच्यासाठीच केलं मी," ती म्हणत होती. मला बघूनही थांबली नाही. "गुडघे बघा तुमचे. रोज रात्री कण्हता ते मी ऐकते, दादा नाही ऐकत. अजून किती वर्षं उन्हात उभं राहणार? दुकान चाललं तर सावलीत बसाल, हाच विचार केला मी. दुसरा कुठला केला असेल तर सांगा."

"मी रोज येऊन तुला सांगत होतो," दाजी म्हणाले. "तू विचारत होतीस, आज कोण जिंकलं."

ताई दाराच्या चौकटीला टेकली.

"ते कशाला विचारायचीस?"

"तुम्ही इतक्या आनंदानं सांगायचात," ती म्हणाली. "मला बघवायचं नाही आणि न विचारताही राहवायचं नाही."

"दादाचं मी समजू शकतो. त्याला धंदा दिसतो. पण मी खोटं बोलत नाही, हे तुला माहीत होतं आणि तू तेच विकलंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतंत."

"हो, नाही म्हटलं असतं," दाजी म्हणाले. "नाही म्हणता यावं म्हणूनच माणसाला विचारायचं असतं."

ते उठले, बूट घातलेलेच होते, आणि बाहेर पडले. मला वाटलं, फिरायला गेले. नंतर कळलं, ते पिवळ्यावाल्या बाईकडे गेले होते. तिला कार्यक्रमाचं बोलावणं गेलंच नव्हतं. जिन्यातच उभं राहून त्यांनी तिला सांगितलं की माझा शब्द राहिला नाही. कुणी कुणाला फसवलं ते काही सांगितलं नाही. तिनं तोवर दुसरीकडून ऐकलंच होतं. ती म्हणाली, "भिंतीवर तुम्ही बोलत होता म्हणे." दाजी म्हणाले, "हो, मीच होतो." हे तिनं मला पुढे कधीतरी सांगितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि दाजींवर विश्वासही उरला नव्हता. मी तिला खरं काय ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण कुंपणानंच शेत खाल्लं हे कळलं म्हणून शेतकऱ्याचं नुकसान भरून येत नाही.

दाजींनी आमची फर्म सोडली. आता एका पूल बांधणाऱ्या ठेकेदाराकडे आहेत, उन्हातच. तिथे जे उपकरण आहे ते वापरतात. नवीन काही घ्यायचं ठरलं की तिथली माणसं त्यांनाच विचारायला येतात, कारण भिंतीवरचे दाजी सगळ्या मोजणीवाल्यांनी पाहिलेले. "काय घ्यावं, दाजी?" ते म्हणतात, "माझ्या बायकोचं दुकान आहे, तिला विचारा." लोकांना वाटतं, जाहिरात करतायत.

घरी भांडण नाही. भांडण असतं तर मला बरं वाटलं असतं. विचारलं तेवढ्याचं उत्तर देतात. जेवता का, हो. बरं नाही का, बरं आहे. ताईनं संध्याकाळचा चहा ठेवला की कप उचलून गॅलरीत जातात. माझ्याशी बोलतात, लंबूला मी सगळं सांगितल्यापासून तोही अधूनमधून त्यांच्याकडे जातो, त्याच्याशीही बोलतात. तिच्याशी नाही. मी एकदा तिची बाजू घ्यायला गेले. म्हटलं, दाजी, तिनं तुमच्या गुडघ्यांचा विचार केला हो. ते म्हणाले, "माहीत आहे. म्हणूनच तर राग काढता येत नाही." आणि विषय बदलला.

दुकान मात्र छान चाललंय. परवा मी तिथे गेले होते. काचेच्या कपाटांत निळ्या पडद्यांची उपकरणं ओळीनं मांडलेली, गिऱ्हाईक नव्हतं, ताई एकटी गल्ल्यामागे बसलेली. तिच्या डोक्यावर टीव्हीचा पडदा. त्यावर दाजी. टोपी मागे सरकवलेली. उन्हातसुद्धा अगदी स्पष्ट दिसतं, असं मी आजवर पाहिलं नाही. मग कंपनीचं चिन्ह, थोडं संगीत आणि परत दाजी. मी चहा संपवेपर्यंत किती वेळा झालं कुणास ठाऊक, माझं डोकं उठलं.

"ताई, दिवसभर हे ऐकतेस तू?" मी म्हटलं. "आवाज तरी बंद कर." आणि रिमोट घ्यायला हात पुढे केला.

तिनं रिमोट आपल्याकडे ओढून घेतला. "राहू दे," म्हणाली. "तेवढाच त्यांचा आवाज कानावर पडतो."